तिसरी खेप

यंत्राचं काही चुकलं नव्हतं. चुकलं असतं तर बरं झालं असतं, चार शिव्या घालून आम्ही मोकळे झालो असतो. सरकारी यंत्राला शिव्या घालण्यात निंबगड जिल्ह्याचा हात धरणारं कोणी नाही. पण हे यंत्र खरं बोलत होतं, आणि खरं बोलणाऱ्याशी भांडायची आम्हाला सवय नव्हती.

मी महानंदा हत्तुरे, निंबगड जिल्हा आरोग्य मंडळाची अध्यक्ष. त्याआधी आणि अजूनही बसस्थानकासमोरच्या खानावळीची मालकीण. नव्या कायद्यानं जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी दवाखान्यांचा पैसा एका मंडळाच्या हाती आला. नऊ सभासद लोकांनी निवडून द्यायचे, वर्षाचा निधी शासनानं एकदम द्यायचा, आणि कुठं किती खर्च करायचा ते मंडळानं ठरवायचं. अट एकच, तूट काढायची नाही. मंडळाच्या निवडणुकीत वकील उभे होते, एक माजी आमदार उभे होते. लोकांनी मला निवडलं, कारण माझ्या हातची भिशी आजवर कधी बुडाली नाही. जिल्ह्याचा कारभार आणि भिशी यांत फार फरक नसतो असं मी प्रचारात म्हटलं होतं. तेव्हा सगळे हसले होते.

आता यंत्राबद्दल. त्याचं सरकारी नाव ओळभर लांब आहे. लोक त्याला ‘आगाऊ’ म्हणतात, कारण विचारलं नसताना ते पुढचं सांगतं.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात दहा लाखांच्या आसपास बारीक चाळण्या असतात. रक्त गाळायचं काम त्यांचं. मूत्रपिंड हा अवयव मोठा सोशिक, निम्म्याहून जास्त चाळण्या गेल्या तरी हूं की चूं करत नाही. जुन्या रक्ततपासणीत बिघाड दिसायचा तेव्हा बहुतेक खेळ आटोपलेला असायचा. पुढं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, म्हणजे बाहेरच्या यंत्रातून रक्त गाळून घेणं, एवढंच हातात उरायचं. आगाऊ वेगळ्या वाटेनं जातं. चाळणी मरायला लागली की तिच्या पेशी अतिसूक्ष्म पुड्या बाहेर टाकतात. पुडीत त्या पेशीच्या जनुकांचे तुकडे असतात, आणि पुड्या लघवीतून बाहेर पडतात. कागदाच्या पट्टीवर चार थेंब टाकले की पट्टी त्या पुड्या धरून ठेवते आणि यंत्र त्या मोजतं. किती चाळण्या उरल्यात आणि कोणत्या वेगानं मरताहेत, हे त्याला कळतं. पुढचं गणित चौथीतलं पोर करेल. टाकीत पाणी किती, गळती किती, टाकी कधी रिकामी होणार.

यंत्र सांगतं ते वर्ष फार तर एका वर्षानं इकडंतिकडं होतं.

आमच्या जिल्ह्यात हा आजार पिकतो म्हटलं तरी चालेल. सगळा काळेपट्टीचा भाग खडीकेंद्रांचा आणि वीटभट्ट्यांचा. ऊन आता माघातच चटके देतं. माणसं दिवसभर उन्हात राबतात, पाणी पुरेसं पीत नाहीत, अंग दुखलं की टपरीवरून गोळी घेऊन गिळतात. दोन वर्षांत आम्ही जिल्ह्यातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची पट्टी तपासली, हजारोंना आपापलं वर्ष कळलं आणि त्यांची एक यादी झाली. कुणाची तीन वर्षं, कुणाची बारा. माझी नऊ.

नऊ वर्षं ऐकल्यावर मी घरी जाऊन दुपारभर झोपले. संध्याकाळी उठून पोळ्यांचं पीठ मळलं. खानावळीत चाळीस माणसं जेवायची होती, त्यांना माझ्या चाळण्यांशी काय देणंघेणं.

माझ्या धाकट्या भावाची टाकी मात्र कधीच रिकामी झाली होती. बसवराज, आमचा बसू. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं त्याचं दुकान. चार वर्षांपासून सोमवार, बुधवार, शुक्रवार तो जिल्हा रुग्णालयात डायलिसिसच्या खुर्चीवर चार-चार तास बसतो. आमच्याकडे त्याला ‘खेप’ म्हणतात. ‘आज खेप आहे’ म्हटलं की समजायचं, हा माणूस आज जेवायला उशिरा येणार. बसूचं हृदयही कमजोर आहे. तीन खेपा होतात म्हणून तो दुकानात उभा राहतो.

अंदाजपत्रकाच्या सभेत डॉ. रेहाना पटवेगार उभ्या राहिल्या. या जिल्ह्याच्या आरोग्य अधिकारी. बाई बोलायला गोड आणि हिशेबाला कठोर. त्यांचा प्रस्ताव असा होता. चाळण्यांची गळती मंद करणारी नवी गोळी आली आहे, महाग आहे, पण नेमानं घेतली तर डायलिसिसची वेळ कित्येक वर्षं पुढं जाते, काहींवर येतच नाही. यादीतल्या सगळ्यांना ती यंदापासून द्यावी. शासनाचा वाढीव निधी या योजनेच्या निम्म्याला पुरतो. उरलेलं निम्मं उभं करायला डायलिसिसच्या आठवड्याला तीन खेपांऐवजी दोन कराव्यात.

“दोन खेपांवर माणूस जगतो,” त्या म्हणाल्या. “देशात पुष्कळ ठिकाणी दोनच होतात.”

“सगळे जगतात?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. “नाही. हृदय कमजोर असलेले फार दिवस नाही. मी ते लपवणार नाही, महानंदाताई. पण दरवर्षी नव्या माणसांसाठी आपण खुर्च्या वाढवत आलोय, आणि अशानं काही वर्षांत सगळा निधी खुर्च्याच खातील. आजवर आपल्याला माणूस आजारी पडल्यावर कळायचं. आता आधी नाव कळलंय. नाव कळल्यावर गप्प बसणं मला जमणार नाही.”

मंडळाचे मुख्य लेखाधिकारी निळकंठ तेलसंग यांनी घसा साफ केला. निवृत्तीला आलेला, नियमांवर जीव असलेला माणूस. त्यांनी नियम वाचून दाखवला. ज्या सभासदाचा किंवा त्याच्या जवळच्या नातलगाचा विषयाशी नफ्यातोट्याचा संबंध असेल, त्यानं चर्चेपूर्वी सभागृह सोडावं.

माझा भाऊ खुर्चीवर होता. मी उठले. माझ्या मागोमाग काळेपट्टीचे सभासद उठले, त्यांचा मुलगा यादीत होता. मग उपाध्यक्ष उठले, त्यांची बायको. मग एकेक करत सगळेच. कुणाची वहिनी, कुणाचा जावई, एकजण स्वतःच. आम्ही नऊच्या नऊ जण व्हरांड्यात येऊन उभे राहिलो आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. आत नऊ कप चहा निवत होता.

तेलसंग दारात आले. चेहरा पडलेला. “मॅडम, माझी सासू यादीत आहे. मी इतिवृत्त लिहू की मीही बाहेर येऊ?”

कुणीतरी फिसकन हसलं आणि मग आम्ही सगळेच हसलो. हसू ओसरल्यावर मी तो नियम पुन्हा मनात वाचला. तो नियम करणाऱ्यांना पुढचं दिसत नव्हतं, म्हणून तो चालत होता. उद्या कुणावर काय येणार हे कळत नव्हतं तोवर माणसं तिऱ्हाईत राहू शकत होती. आता यंत्रानं प्रत्येकाचं वर्ष सांगितलं होतं आणि अख्ख्या जिल्ह्यात तिऱ्हाईत माणूस उरला नव्हता.

“आत चला,” मी म्हटलं. “नातं लपवायचं नाही, ते सांगून बसायचं. प्रत्येकानं आधी आपलं माणूस सांगायचं, मगच मत मांडायचं. मी सुरुवात करते. माझा भाऊ खुर्चीवर आहे आणि मी स्वतः नऊ वर्षांवर आहे. तेलसंगसाहेब, लिहा.”

त्यांनी लिहिलं. सासूचंही लिहिलं.

मतं पडली ती चार विरुद्ध चार. निर्णायक मत अध्यक्षाचं, म्हणजे माझं. मी ते दिलं नाही, सभा तीन आठवडे पुढं ढकलली. माजी आमदारांच्या माणसांनी बाहेर लगेच उठवलं की बाईच्या पायात गोळे आले. खोटं नव्हतं ते.

बातमी माझ्याआधी बसूच्या दुकानात पोचली होती. मी गेले तेव्हा तो भाकऱ्यांच्या चळती कागदात बांधत होता. त्याची बायको सुगला गल्ल्यावर होती. तिनं मला बस म्हटलं नाही.

“अक्का, मोठेपणाचं काही बोलायला आली असशील तर जा,” बसू म्हणाला. “दुनियेसाठी त्याग कर म्हणून सांगणार असशील तर मला जमायचं नाही. मला जगायचंय. मला तिसरी खेप पाहिजे.”

“मी अजून मत दिलेलं नाही.”

“का दिलं नाहीस? भाऊ आहे मी तुझा. ‘नाही’ म्हणायला तुला तीन आठवडे कशाला लागतात?”

मी म्हटलं, बसू, यादीत हजारो माणसं आहेत, त्यांनाही भाऊबहिणी आहेत.

त्यानं दोरी तोडली, गाठ मारली आणि खाली बघत म्हणाला, “यादीत तूही आहेस की. तुझ्या नऊ वर्षांना माझी एक खेप जड झाली होय, अक्का?”

आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा होता. माझ्या परकराला धरून शाळेत गेलाय. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त राग याचा आला की त्याचं म्हणणं नियमात बसत होतं. माझी नऊ वर्षं तेलसंगांनी इतिवृत्तात लिहूनसुद्धा ठेवली होती. मी उठले. चपलेत पाय घालताना रडू आलं, ते रस्ता ओलांडेपर्यंत आवरलं.

त्यानंतर सुगला माझ्याशी बोलेनाशी झाली. पण पहिल्या तारखेला ती भिशीला आली. भिशी चुकवणं आमच्यात बसत नाही, भांडण आपल्या जागी आणि हप्ता आपल्या जागी. खानावळीत दुपारची जेवणं उरकली की आम्ही वीसजणी टेबलं जोडून बसतो. प्रत्येकीनं महिन्याचा हप्ता टाकायचा, आणि जिचा नंबर असेल तिनं सगळी रक्कम उचलायची. नंबर वर्षाच्या सुरुवातीला चिठ्ठ्या टाकून ठरतात. त्या महिन्याचा नंबर मैना घोडकेचा होता. मैना खडीकेंद्रावर पाट्या उचलते, उन्हानं रापलेली, बोलायला फटकळ. तिला घरावर पत्रा टाकायचा होता.

मी रक्कम तिच्यापुढं सरकवली. तिनं ती उचलून सुगलापुढं ठेवली.

“सुगलाताईला लागतील,” ती म्हणाली. “दवाखान्याचं काय ठरतंय त्याचा नेम न्हाई. शेवटाचा नंबर ताईचा हाय न्हवं? त्यो मला द्या.”

सुगला म्हणाली, “तुझा पत्रा?”

“पत्रा कुठं पळून जातोय व्हय? उन्हाळ्यात गळत न्हाई त्यो. नंबर सोडला म्हंजी बुडाला थोडाच, उशिरा यील. तू हप्ता भरत ऱ्हा म्हंजी झालं.”

सुगलानं पदर डोळ्याला लावला. बाकीच्या बायांनी चहा मागवला. यात कुणाला काही विशेष वाटलं नाही, दर वर्षी दोन-तीनदा असं होतंच. कुणाचं लग्न निघतं, कुणाचं ऑपरेशन. ज्याचा नंबर आहे तो सोडतो, ज्याला नड आहे तो उचलतो आणि नंतर नेमानं हप्ता भरतो.

मी मात्र मैनाकडे बघत राहिले. मैनाही यादीत होती. आठ वर्षं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टर आणि तेलसंग दोघांना खानावळीत बोलावलं. कार्यालयात माझं डोकं चालत नाही.

“डॉक्टर, एक सांगा,” मी म्हटलं. “माझी नऊ वर्षं आहेत. मी गोळी आज सुरू केली आणि दोन वर्षांनी सुरू केली, तर काय फरक पडेल?”

“मेलेली चाळणी परत येत नाही. दोन वर्षं थांबलात तर शेवटाला सात-आठ महिने गमवाल. कदाचित वर्ष.”

“आणि ज्याची तीन वर्षं उरलीत तो दोन वर्षं थांबला तर?”

“त्याचं सगळंच जाईल. त्याला आजच हवी.”

“मग सगळ्यांना एकदम का देताय?”

“कारण तुम्ही थांबा, असं मी कुणाला सांगू शकत नाही.” त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “औषध हाताशी असताना एखाद्याला न देणं, हे डॉक्टरला करता येत नाही. यंत्रही ते ठरवत नाही, ते फक्त वर्ष सांगतं.”

“तुम्ही सांगू नका. त्यानंच म्हणायचं, माझा नंबर मी सोडतो.”

मग मी त्यांना भिशी समजावली. डॉक्टरांना ती माहीत होती, त्यांच्या आईची होती. पण त्यांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. “गरीब माणसं लाजेखातर हो म्हणतील. चारचौघांत विचारलंत तर नाही म्हणायची हिंमत कुणाची होणार? खडीकेंद्राचा मालक म्हणेल, सोडा रे नंबर, आणि सगळे सोडतील. ती संमती मी मानणार नाही.”

हे खरं होतं. भिशीत आम्ही वीसजणी एकमेकींना ओळखतो, जिल्ह्याचं तसं नाही. शेवटी आमचं ठरलं ते असं. पाच वर्षांच्या आतल्या कुणाला विचारायचंच नाही, त्यांना गोळी लगेच. पाचांच्या पुढच्यांनी आपापल्या आरोग्य केंद्रात एकेकट्यानं जाऊन चिठ्ठी टाकायची. चिठ्ठी हो म्हणणाऱ्यानंही टाकायची आणि नाही म्हणणाऱ्यानंही, म्हणजे बाहेरच्याला काही कळणार नाही. चिठ्ठीवर नाव नाही, फक्त पट्टीचा क्रमांक.

तेलसंगांनी तोवर रुमालाला हात पुसून आकडे मांडले होते. “मॅडम, यादीत दर तीन माणसांत एकानं दोन वर्षं नंबर सोडला, तर उरलेल्या निम्म्यातलं निम्मं सुटतं. पाचांच्या पुढचे यादीत तिनात दोन आहेत. म्हणजे ज्यांना विचारणार त्यांतल्या निम्म्यांनी हो म्हणायला हवं.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं पाठपुराव्यात जातं. गोळी रोज घ्यावी लागते आणि दुखत नसताना माणूस गोळी घेत नाही. म्हणून दर आठवड्याला फोन करायला बाहेरची कंपनी लावायची आहे. योजनेचा पाव हिस्सा तिचाच. ती काढली तर माणसं महिन्याभरात गोळी सोडतील, आणि ठेवली तर तिसरी खेप जाते.”

म्हणजे इतकं चालूनही विहिरीच्या काठावरच अडलो होतो. मी हिशेबाचा तो कागद घडी करून कमरेला खोचला आणि रुग्णालयात गेले. शुक्रवार होता, बसूच्या खेपेचा दिवस.

लांबलचक दालन. दोन्ही भिंतींना खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी घरघरणारं यंत्र, नळ्यांतून फिरणारं रक्त. बसूनं मला येताना पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. एका हातात सुया असलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, तेवढी माझी सोय होती. मी स्टूल ओढून बसले आणि त्याला सगळं सांगितलं. मैनाचा पत्रा, सुटणारे नंबर, आणि पाव हिश्श्यावर अडलेली गाडी.

त्यानं डोळे उघडले. “तू सोडणारेस नंबर?”

“मी चिठ्ठी टाकणार. काय टाकणार ते सांगायचं नाही असा नियम आहे. मीच केलाय.”

“सोडणार तू. ओळखतो मी तुला.” तो छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, “त्या दिवशी मी वंगाळ बोललो.”

“बोललास.”

“नंबर आधी उचलणाऱ्याला हप्ता चुकत नाही, अक्का. सुगला भरतीय तिचा. मी काय भरू? भाकऱ्या?”

“तुझ्याकडून कोण मागतंय?”

“मागत नाही म्हणूनच बोलतोय. फुकट खाणारा म्हणून या खुर्चीत मला बसवत नाही.” त्यानं सुया नसलेला हात उचलला. त्या हातात त्याचा फोन होता, चारही तास असतो. त्यानं दालनभर नजर फिरवली. “चार तास आम्ही इथं काय करतो? पिक्चर बघतो. एक हात रिकामा, तोंड रिकामं. त्या कंपनीची पोरं फोन करून काय सांगणार, गोळी घ्या म्हणून? ती कुठल्या गावची, त्यांना काय ठावं? मी फोन केला तर सांगीन, बाबा, मी आत्ता खुर्चीवर बसलोय, हा आवाज ऐक यंत्राचा. गोळी घे, नाहीतर माझ्या शेजारी येऊन बस.”

शेजारच्या खुर्चीवरचे म्हातारे गृहस्थ इतका वेळ झोपल्याचं सोंग घेऊन ऐकत होते. ते म्हणाले, “मलाही द्या दहा-वीस फोन नंबर. आमच्या भावकीतलेच द्या, त्यांना चांगलं फैलावर घेतो.”

मी बसूच्या गालावर हात ठेवला. लहानपणी तो असं करू द्यायचा नाही. आज त्यानं करू दिलं.

चिठ्ठ्या टाकायला आठवडाभर दिला होता. तो आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब. माझा विश्वास होता, पण तेलसंगांचा कागद मी रोज रात्री उलगडून बघायचे. मी स्वतः बसस्थानकामागच्या केंद्रात रांगेत उभी राहून चिठ्ठी टाकली. माझ्यापुढं एक वीटभट्टीवाला होता, तो पडद्याआड इतका वेळ राहिला की मागचे कुरकुरायला लागले. बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून काहीच कळलं नाही. ते तसंच हवं होतं.

आणि निम्मे झाले नाहीत तर? तर मला मत द्यायचं होतं. मी काय देणार होते तेही सांगते, कारण लपवायचं नाही हा माझाच नियम. मी दोन खेपांच्या बाजूनं हात वर केला असता. डॉक्टरांचा हिशेब खरा होता, आणि अध्यक्षाच्या खुर्चीवर बसून मला खोटं मत देता आलं नसतं. मग त्या संध्याकाळी बसूच्या दुकानात जाऊन त्याला ते तोंडावर सांगितलं असतं. तो आठवडाभर मी रोज मनात ती वाक्यं जुळवत होते, आणि एकदाही ती मला पुरी जुळली नाहीत.

सभेच्या दिवशी पेट्या डॉक्टरांनीच फोडल्या. क्रमांक यंत्रात भरत गेल्या, तेलसंग एकेक तालुका लिहीत गेले. पहिल्या दोन तालुक्यांत निम्मे झाले नाहीत. उपाध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मी टेबलाकडे पाहिलं. शहरातला आकडा निम्म्यावर येऊन टेकला. शेवटी काळेपट्टी राहिली, जिथं सगळ्यात जास्त माणसं यादीत होती आणि सगळ्यात कमी पगाराची होती.

काळेपट्टीत दर पाचांपैकी चारांनी नंबर सोडला होता.

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसायला लागल्या. तेलसंगांनी बेरीज दोनदा केली, मग सवयीनं तिसऱ्यांदा. जिल्ह्याची बेरीज निम्म्याच्या बरीच वर गेली होती.

“का सोडला असेल यांनी?” उपाध्यक्ष हळूच म्हणाले. “आठ महिने आयुष्यातले. थोडे नव्हेत.”

मला त्यात कोडं वाटलं नाही. काळेपट्टीत प्रत्येकाच्या घरातलं कुणीतरी भिशीत असतं. नंबर सोडायला लागणारं मन तिथं आधीच तयार होतं, आम्ही फक्त विचारायला उशीर केला. मी पाण्याचा पेला रिकामा केला. मग प्रत्येकानं पुन्हा आपापलं माणूस सांगितलं आणि ठराव मताला टाकला. नऊ विरुद्ध शून्य. निर्णायक मताची गरजच पडली नाही. बाहेरची कंपनी लावायचं रद्द झालं, फोन करायचं काम खुर्चीवरच्यांकडे आलं, तिसरी खेप राहिली, आणि तूट निघाली नाही.

सगळं गोड झालं असं नाही. खुर्चीवरून केलेल्या फोनांवर पहिल्या महिन्यात तक्रारी आल्या. बसूच्या शेजारचे म्हातारे गृहस्थ शिव्या देतात म्हणून तिघांनी अर्ज केला. मी म्हाताऱ्यांना समज दिली, त्यांनी शिव्या कमी केल्या, बंद नाही केल्या. पुढं ते गेले. ते ज्यांना फोन करायचे ती माणसं त्यांच्या दिवसकार्याला जेवायला आली आणि त्यातल्या एकानंही गोळी चुकवली नव्हती. नव्या खुर्च्या पहिल्या वर्षी वाढवाव्या लागल्याच, दुसऱ्या वर्षी थोड्या, आणि तिसऱ्या वर्षाच्या अंदाजपत्रकात तेलसंगांच्या जागी आलेल्या नव्या लेखाधिकाऱ्यांनी विचारलं, मॅडम, खुर्च्यांच्या वाढीचा रकाना रिकामाच आहे, काही राहिलं का? मी म्हटलं, राहिलं नाही, तो तसाच ठेवा, आणि तो पैसा नंबर सोडलेल्यांच्या गोळ्यांना लावा.

त्याच आठवड्यात, सोमवारी, मी खानावळीत आमटीला फोडणी घालत होते. मैना पोळ्या लाटायला आली होती. खडीकेंद्रावरचं दुपारचं काम आता उन्हात बंद असतं, तेवढ्या वेळात ती माझ्याकडे येते. तिच्या घरावर पत्रा पडला होता. फोन वाजला. पिठाच्या हातानं तिनंच तो उचलून माझ्या कानाला लावला.

मागून घरघर ऐकू येत होती.

“नमस्कार. निंबगड जिल्हा आरोग्य मंडळाकडून बोलतोय,” पलीकडचा आवाज फार गंभीरपणे म्हणाला. “महानंदाबाई हत्तुरे आहेत का?”

“बसू, फोडणी करपतीय.”

“बाई, कामाचं बोला. दोन वर्षांपूर्वी तुम्ही नंबर सोडला होता. आज तुमचा नंबर लागला. गोळ्या केंद्रात आल्यात. आजपासून रोज जेवणानंतर एक.” तो थांबला. खुर्चीवर बसून त्याला अधूनमधून दम लागतो. मग त्याचा नेहमीचा आवाज आला. “दर सोमवारी मी फोन करणार, अक्का. चुकवलीस तर बघ.”

“दर सोमवारी?”

“दर सोमवारी. मी आहे की इथं.”

मी हो म्हटलं. मैनानं फोन काढून घेतला आणि मला विचारलं, कोण होतं. मी म्हटलं, हप्ता होता. मग गॅस बंद केला, पदर खोचला आणि माझ्या गोळ्या आणायला निघाले.